बातमी आणि माझं मत

आमच्या घरी पेपर गाडीनं यायचा. सकाळी साडेआठची गाडी घोडेगावाहून निघून फाट्यावरून आत आमच्या गावात वळायची, आणि ती थांबते न थांबते तोच दारात उभे असलेले कंडक्टर बबनमामा गुंडाळी केलेला पेपर नेम धरून आमच्या दुकानाच्या पायरीवर भिरकवायचे. दुकान दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून द्यायचा, त्यांचा धंदा. पुढं दुकान, मागं घर, मधे एक पडदा, त्यामुळं आमच्या भाकरीलासुद्धा वार्निशचा वास येतो असं आई म्हणायची. पडद्याच्या पलीकडं तार गुंडाळायच्या हातयंत्राची करकर आणि अलीकडं आईच्या हातातल्या बाजरीच्या भाकरीची थपथप. माझ्या लहानपणाचे आवाज आठवायचे म्हटलं तर आधी हे दोन आठवतात.

दादांचे हात सकाळपासूनच वार्निशनं चिकट. पेपराला हात लावला तर पान हाताबरोबर यायचं. म्हणून वाचायचं काम माझ्याकडं आलं. गाडी पुढं डिंभ्यापर्यंत जाऊन तासाभरानं परत यायची आणि तीच आम्हाला शाळेला न्यायची. तेवढ्या तासात वेणीफणी, जेवण आणि अख्खा पेपर. मी पायरीवर बसून मोठ्यानं वाचायची आणि दादा मान वर न करता एकेका बातमीवर निकाल द्यायचे. “खोटं हाय.” “हे मागच्या वर्षी पण छापलं व्हतं.” “पुढचं वाच, त्या माणसाचं नाव नको काढू सकाळी सकाळी.” मला ते पटायचं नाही. मी उलट बोलायची, ते हसायचे आणि म्हणायचे, “तुला मतं लई झाली गं, सुजाता. तुझं तोंडच एकदा भरून द्यायला पायजे.” माझा आवाज इतका मोठा, की मी पायरीवर वाचलेलं चार घरं पलीकडं ऐकू जायचं. आई मला भोंगा म्हणायची. लाडानं म्हणायची, असं मी आजवर धरून चालले आहे.

ह्याच भोंग्यामुळं शाळेत मला मान मिळाला. आमच्या घोडेगावच्या शाळेत रोज परिपाठ व्हायचा. राष्ट्रगीत, प्रार्थना, सुविचार झाले की ‘बातमी आणि माझं मत’. पेपरातल्या चार बातम्या वाचायच्या आणि प्रत्येकीवर दोन वाक्यं स्वतःची. शाळेचा माइक दिवसाआड बंद पडायचा, म्हणून माइकवाचून मागच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज थोरात बाईंना हवा होता. नववीत आल्यावर ते काम कायमचं माझं झालं. मतं मी सगळ्यावर दिली. हुंड्यावर दिली, मोबाइलवर दिली, लहान वयात होणाऱ्या लग्नांवर तर इतकी दिली, की मुख्याध्यापक सरांनी घड्याळ दाखवलं. पण खरं सांगू? आज ते सगळं आठवलं की हसू येतं. माझं प्रत्येक मत एकाच वाक्यावर येऊन थांबायचं: ‘तरी आपण सर्वांनी काळजी घेतली पाहिजे.’ मग बातमी पुराची असो, नाहीतर परीक्षेतल्या कॉपीची. बातम्या म्हणजे दुसऱ्यांच्या गावात घडणारी गोष्ट, आणि आपण लांबून काळजी घ्यायची, एवढंच मला कळत होतं.

त्या वर्षी थंडीत बातमी आमच्याच रस्त्यावर आली. बिबट्या आम्हाला नवा नव्हता. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, उसात बिबट्या आला, आणि जुन्नर-आंबेगावची पोरं मांजराचं पिल्लू बघावं तशी त्याचे मोबाइलवरचे व्हिडिओ बघत मोठी झाली. पण त्या वर्षी त्यानं लई उच्छाद मांडला होता. आळ्याकडून, जुन्नरकडून रोज काही ना काही छापून यायचं. आमच्या गावातली दोन वासरं गेली, कुत्री तर मोजायची सोडून दिली. आणि नेमकी तेव्हाच आमची संध्याकाळची गाडी बंद झाली. साडेपाचची, शाळा सुटल्यावरची. एका सोमवारी आम्ही स्टँडवर उभ्या राहिलो आणि ती आलीच नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. शेवटी वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन आम्ही फाट्यावर उतरायला लागलो. फाट्यापासून गाव दोन किलोमीटर आत. दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर ऊस, आणि थंडीच्या दिवसांत सहाला अंधारून यायचं.

आम्ही सात जणी होतो गावच्या. वनखात्याच्या माणसांनी शाळेत येऊन सांगितलं होतं, पळायचं नाही, वाकायचं नाही, आवाज करायचा. म्हणून आम्ही कंपासपेट्या बडवत चालायचो. सगळ्यांत पुढं माझी मैत्रीण मनीषा, मधे बारक्या पोरी, शेवटी मी. एका संध्याकाळी मनीषा एकदम थांबली आणि आम्ही एकीवर एक आदळलो. ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर तो बसला होता. सावकाश, घरच्यासारखा. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. कंपासपेट्यांचा आवाज बंद पडला. आवाज करायचा हे डोक्यात होतं, पण काय ओरडायचं ते सुचेना, आणि माझ्या तोंडातून आपोआप रोजचंच बाहेर पडलं: “नमस्कार! आजच्या ठळक बातम्या!” सकाळची पहिली बातमी मी त्या बिबट्याला शब्दन् शब्द ऐकवली. दुसरी सुरू केली तेव्हा तो उठला, आळस दिला आणि उसात उतरला. मनीषा पुढं कितीतरी वर्षं सांगायची, की सुजाताचं मत ऐकायची पाळी येऊ नये म्हणून तो गेला.

तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. आम्हाला आणायला निघालेले दादा माझा आवाज ऐकून वळणावरून काठी घेऊन धावत आले. सगळ्यांना घरोघर सोडून मला घरी आणलं. आईनं हुलग्याची शेंगोळी केली होती, ताटात वाफ निघत होती, पण दादा ताटावर बसले आणि नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “बास झाली शाळा. हा आठवडा जा. सोमवारपासून घरी. पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरू, घरी बसून दहावी दे.”

“घरी बसून कुणी शिकतं का दादा?”

“जिवंत ऱ्हायलं तर शिकतं,” ते म्हणाले आणि त्यांचा आवाज फाटला. मी दादांवर आयुष्यात पुष्कळ रागावले, पण त्या दिवशी रागावता आलं नाही. त्यांनी उचललेला घास दोनदा ताटात सांडला. बारीक तारेचे शेकडो फेरे न चुकता घालणारे ते हात होते. मी पडद्याआड जाऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. सतरा नंबरचा फॉर्म भरून घरी बसलेल्या आमच्या गावातल्या तीन मुली मला माहीत होत्या. तिघींच्याही घरी वर्षाच्या आत मांडव पडला होता.

हे झालं बुधवारी. गुरुवारी सकाळी पेपर पायरीवर पडला. वाचायचं मन नव्हतं, पण सवय सुटत नाही. आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात, जाहिरातीच्या वर चिकटलेल्या तीन ओळी होत्या: ‘प्रवासी प्रतिसादाअभावी सायंकाळची फेरी रद्द.’ खाली आमच्या रस्त्याचं नाव. मी दोनदा वाचलं. दादांना वाचून दाखवलं नाही. कागद फाडून कंपासपेटीत ठेवला.

परिपाठाला माइक बंद होता. बरंच झालं. तीन बातम्या मी नेहमीसारख्या वाचल्या, तिन्हींवर काळजी घ्यायला सांगितली. चौथीला तो कपटा काढला. वाचला. आता मत. मी तोंड उघडलं आणि ‘तरी आपण सर्वांनी’ एवढं म्हणून थांबले. कसली काळजी घ्यायची आणखी? कंपासपेट्या तर बडवत होतोच. मैदानावर सगळी शाळा उभी होती. मला इतका संताप आला, की माझा आवाज स्टँडपर्यंत गेला असेल. “हे खोटं आहे! प्रतिसाद नाही म्हणे! साडेपाचच्या गाडीनं जाणाऱ्यांनी हात वर करा!”

 आधी मनीषाचा हात वर गेला. मग आमच्या सातही जणींचे. मग डिंभ्याच्या बाजूच्या मुली, वरच्या वस्त्यांवरच्या, आठवीतल्या, दहावीतल्या, आणि काही मुलगेसुद्धा. हात वाढतच गेले. मुख्याध्यापक सर म्हणाले, “हात खाली घ्या. हा परिपाठ आहे, मोर्चा नाही.” पण थोरात बाई रांगांतून फिरून मोजत होत्या. “सर, बेचाळीस,” त्या म्हणाल्या.  खरं तर सर भला माणूस. थोड्या वेळानं मला ऑफिसात बोलावून म्हणाले, “शनिवारी अर्धी शाळा असते. बाईंबरोबर आगारात जा. नावांची यादी घे, सगळ्यांचे पास घे. आणि तिथं आवाज जरा कमी ठेव.”

शनिवारी दुपारी बाई, मनीषा आणि मी आगारात गेलो. तिथले साहेब खेकसतील म्हणून मी मनातल्या मनात चार उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि पाणी मागवलं, त्यामुळं सगळी उत्तरं वाया गेली. यादी बघून ते म्हणाले, “बाळ, मी काही मनानं गाडी बंद केली नाही. हे बघ.” त्यांनी कागद पुढं सरकवला. तिकिटाच्या मशीनमधून निघालेला हिशोब होता, कोणत्या फेरीला किती माणसं. साडेपाचच्या फेरीपुढं सात, नऊ, सहा, आठ. महिनाभर तेच.

“आम्ही बेचाळीस आहोत,” मी म्हणाले. “मशीन खोटं बोलतंय.”

“मशीन खोटं बोलत नाही. पासवाल्यांचीसुद्धा नोंद मारावी लागते. पास बघायचा, बटण दाबायचं, पैशाविना तिकीट निघतं. तुमचं निघत होतं का?”

मी मनीषाकडं बघितलं, मनीषानं माझ्याकडं. आमचं असलं तिकीट कधी निघालंच नव्हतं. आणि ते का निघालं नव्हतं, ते त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. मी दप्तरातून पास काढायला लागले, की बबनमामा म्हणायचे, “ऱ्हाऊ दे गं, कशाला दप्तर उपसतीस? माझ्याच पोरी तुमी. तुमचा काय पास बघायचा? सरका मागं.” पहिल्या दिवसापासून हेच. कुणाची वेणी सुटली, कुणाला ताप आहे, कुणाच्या घरी म्हैस व्याली, हे मामांना ठाऊक. ओळखीच्या पोरीला पास विचारणं त्यांना तिचा अपमान वाटायचा. आम्हालाही त्याचा केवढा अभिमान! परगावचा पाव्हणा तिकीट काढायचा आणि आम्ही राणीसारख्या मागं सरकायचो. इतक्या मायेनं आम्हाला कुणी गाडीत घेतलं नसेल, आणि त्याच मायेनं आमची गाडी रिकामी झाली होती.

साहेबांनी पुन्हा विचारलं.  खरं बोलावं तर मामा अडकतात, न बोलावं तर सोमवारपासून मी घरात. माझ्यासारखा भोंगा, आणि जिथं एक वाक्य बोलायचं तिथं जीभ टाळ्याला चिकटली. एवढ्यात दारातून आवाज आला, “साहेब, आत येऊ का?” मामाच होते. विश्रांतीच्या खोलीत डबा खात बसले होते, माझा आवाज ओळखून उठून आले. हात तसाच खरकटा. त्यांनी टेबलावरचा कागद बघितला, आमचे पास बघितले आणि त्यांचा चेहरा पडला.

“चूक माझी हाय, साहेब,” मामा म्हणाले. “पोरी खरं बोलत्यात. बेचाळीस काय, बाजारच्या दिवशी तिकिटवाली धरून पन्नास माणसं व्हती. मी बटण दाबलं न्हाई. आपल्याच पोरी, त्यांचा काय पास बघायचा, म्हणलं. मला काय ठावं, त्या मशीनला माणसं दिसत न्हाईत म्हणून.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “तुमची गाडी मीच बंद केली गं.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं जमीन दुभंगावी. मी उठून म्हणाले, “साहेब, पास दाखवायचं काम आमचंही होतं. मामांना काही करू नका.” तेवढं मात्र मी हळू आवाजात बोलले.

साहेबांनी आमची यादी मशीनच्या कागदाशेजारी ठेवली. शेवटी मामांना म्हणाले, “तुम्हाला लेखी समज देतो, ती चुकणार नाही.” आणि आम्हाला म्हणाले, “सोमवारपासून पंधरा दिवस फेरी सोडतो. मशीन काय सांगतं ते बघू.” पंधरा दिवसांनी काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको: ती गाडी अजून चालते. मी ती शाळा सोडून बरीच वर्षं झाली, कानावर पहिला पांढरा केस आला, गाडीचा रंग दोनदा बदलला, पण साडेपाचची ती साडेपाचचीच. आजही पेपरात ‘पटसंख्येअभावी शाळा बंद’ अशी तीन ओळींची बातमी दिसली, की मी तिथंच थांबते. मोजलं कुणी, आणि मोजायचं राहिलं कोण, हे विचारल्याशिवाय मला पुढचं पान उलटता येत नाही.

पण तेव्हा हे कुठं माहीत होतं! रविवारी दादा म्हणाले, “साहेब बोलला म्हंजी गाडी आली असं नाय. सोमवारी जा. गाडी नाय आली तर मंगळवारी घरी.” सोमवारी शेवटच्या दोन तासांना काय शिकवलं, ते मला विचारू नका. साडेपाचला सगळे जण स्टँडवर एका ओळीत. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मनीषानं माझा दंड इतका दाबला, की दोन दिवस वळ होता. आणि मग कोपऱ्यावरून ती वळली. धूळ उडवत, एक दिवा मिचकावत, आमची गाडी! आम्ही जे ओरडलो, ते ऐकून स्टँडवरच्या भेळवाल्यानं हातातला चमचा टाकला.

दारात मामा उभे होते. टोपी सरळ, मशीन गळ्यात, चेहरा कडक. “पास!” ते म्हणाले. पहिली मुलगी सवयीनं मागं सरकायला गेली, तशी तिला दंडाला धरून परत आणलं. “पास दाखीव. मी तुला वळखत न्हाई.” बटण दाबलं, मशीन टिर्र वाजलं, कागदाची पट्टी बाहेर आली. “पुढची! मी तुला पण वळखत न्हाई!” त्यांची सख्खी पुतणी आली, तिलाही तेच. टिर्र. टिर्र. टिर्र. प्रत्येक आवाजाला आम्ही आकडा ओरडायचो. बेचाळीसला गाडी डोक्यावर घेतली. फाट्यावरून आत वळल्यावर दिव्याच्या उजेडात दोन्ही बाजूंचा ऊस पिवळाधमक दिसत होता. मोरी आली तेव्हा सातही जणींनी खिडकीतून डोकं काढून त्या कठड्याला सांगितलं, “नमस्कार! आजच्या ठळक बातम्या!”

थांब्यावर दादा बॅटरी आणि काठी घेऊन उभे होते, रोजच्यासारखे. मी उतरले. ते गाडीकडं बघत राहिले, आतल्या भरलेल्या सीटांकडं, वर लटकलेल्या दप्तरांकडं. मामा दारातून म्हणाले, “काय भाऊ, येता का डिंभ्यापर्यंत? पण तिकीट काढावं लागल हां, मी कुणाला वळखत न्हाई आता.” दादा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. घरी येऊन त्यांनी ती काठी दाराच्या मागं ठेवली आणि आईला म्हणाले, “भोंग्याला मासवडी कर उद्या.” आईनं उद्याची वाट बघितली नाही. बेसनाची उकड, आत तीळ-खोबऱ्याचं सारण, वर झणझणीत रस्सा. मी किती खाल्ल्या ते सांगणार नाही. माझ्या तिकिटाची पट्टी दादांनी वार्निशच्या हातांनीच घेऊन बघितली, त्यामुळं तिच्यावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला. ती अजून माझ्याकडं आहे. तिच्यावरची शाई कधीच उडाली, ठसा आहे.

मंगळवारी परिपाठाला माइक चालू होता, पण मी तो बाजूला सारला. पेपरात त्या दिवशी आमच्याबद्दल काहीच आलं नव्हतं. म्हणून बातमी मीच लिहून आणली होती: ‘सायंकाळची फेरी पुन्हा सुरू.’ वाचली. मग म्हणाले, “माझं मत. आपल्याला कुणी ओळखतं म्हणून खुशीत मागं सरकायचं नाही. पास हातात धरायचा, आणि मशीन वाजल्याशिवाय जागचं हलायचं नाही. साडेपाचच्या गाडीवाल्यांनो, पास!”

दप्तरांच्या चेनी एकदम उघडल्याचा आवाज झाला आणि मैदानभर पास वर झाले, उन्हात चमकणारे, कुणाचा दुमडलेला, कुणाचा तेलाचा डाग पडलेला, बेचाळीसच्या बेचाळीस. मुख्याध्यापक सर समोरच उभे होते. त्या दिवशी हात खाली घ्या असं ते म्हणाले नाहीत.